जर्मनीत माउंटन बाइक घ्यायची, सुधारायची आणि भारतात आणायची: कामाचा क्रम

जर्मनीत नोकरी-शिक्षणासाठी आलेली मराठी मंडळी माउंटन बाइक घेताना बहुतेक वेळा क्रमात चुकतात. आधी सेलमध्ये सायकल घेतात, मग तिच्यावर भारी सुटे भाग चढवतात, आणि परतीचे तिकीट काढल्यावर खोके, वजन, कस्टम्स या गोष्टी आठवतात. तोवर खोके रद्दीत गेलेले असते. सायकल शेवटी कुठे राहणार हे आधी ठरवले, तर कोणती घ्यायची आणि तिला काय लावायचे याची निम्मी उत्तरे तिथेच मिळतात.

## १. पैसे मोजण्याआधी

मुक्काम किती? तीन वर्षांच्या आत परतायचे असेल तर कंपनीमार्फत मिळणारी लीजवरची सायकल घेऊ नका. ‘डीन्स्टराड’ या नावाने ही सोय मिळते. पगारातून हप्ता जातो, कर वाचतो, दरमहा लाभ म्हणून सायकलच्या छापील किमतीच्या ०.२५ टक्केच रक्कम धरली जाते. हे सगळे खरे आहे. पण करार साधारण ३६ महिन्यांचा असतो आणि तोवर सायकल तुमच्या मालकीची नसते. ती कायमची भारतात नेता येत नाही आणि नोकरी मध्येच सोडली तर उरलेल्या हप्त्यांचा हिशोब मागे लागतो. कराराची पाने सही करण्याआधी वाचा, नोकरी बदलताना नव्हे.

चालवणार कुठे? बाडेन-व्युर्टेंबेर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, फ्रायबुर्ग या पट्ट्यात, जंगलातल्या २ मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल चालवायला वनकायद्याने बंदी आहे. खास एमटीबीसाठी (म्हणजे माउंटन बाइकसाठी) मोकळ्या केलेल्या वाटा अपवाद. तिथे राहून रोज रुंद वनरस्त्यावरच फिरायचे असेल, तर १५० मिमी ट्रॅव्हलची (म्हणजे धक्का झेलताना चाक तेवढे सरकणारी) फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी सायकल फक्त चढावर दम काढते.

ठेवणार कुठे? इमारतीच्या सामायिक तळघरात ठेवणार असाल तर घरसामानाचा विमा काढताना सायकल चोरीचे कलम स्वतंत्र विचारा. कुलूपबंद खासगी तळघर, सामायिक तळघर आणि रस्ता यांना पुष्कळदा वेगवेगळ्या अटी लागतात. फ्रेम नंबर, बिल आणि सायकलचे फोटो पहिल्याच दिवशी एका फोल्डरमध्ये टाका. विम्याला लागतात आणि पुढे विमानतळावरही तेच लागणार आहेत.

## २. प्रकार आणि साइज

परतीचा बेत असेल तर आमचे मत सरळ आहे: ॲल्युमिनिअमची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली), पुढे १२० ते १३० मिमीचा, हवेच्या दाबावर चालणारा एअर फोर्क, १२ स्पीड आणि प्रमाण मापाचे भाग. वेताळ टेकडी, सिंहगडाच्या बाजूच्या वाटा किंवा कोकणातले जांभ्याचे उतार यांना एवढे पुरते. फुल सस्पेन्शन उतारावर मजा देते, पण तिच्या मागच्या जोडांत आठ-दहा बेअरिंग असतात. पावसाळ्यातला चिखल त्यांनाच आधी खातो.

घेताना या मापांची यादी विक्रेत्याकडून मागून घ्या:

- मागचा ॲक्सल १४८ × १२ मिमी थ्रू-ॲक्सल (हबमधून आरपार जाऊन आवळला जाणारा जाड दांडा), पुढचा ११० × १५. स्वस्त हार्डटेलला मागे पुष्कळदा १४१ मिमी क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा बारीक दांडा) असते. वाईट नाही, पण पुढे चांगले चाक घ्यायचे झाले तर पर्याय कमी मिळतात.
- बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो ते बेअरिंग) आट्यांचा, बीएसए मापाचा. प्रेस-फिट, म्हणजे दाबून बसवलेला असेल तर करकर सुरू झाल्यावर खास हत्यार लागते.
- डिरेल्युअर हँगर (गिअर बदलणारा मागचा भाग फ्रेमला धरणारा तुकडा) यूडीएच प्रकारचा. हा एकाच मापाचा आणि कुठेही मिळणारा. नसेल तर त्या फ्रेमचे दोन हँगर सायकलबरोबरच मागवा.
- फ्रीहबचा (मागच्या हबवर कॅसेट, म्हणजे गिअरच्या चकत्या, बसतात त्या भागाचा) प्रकार: एचजी, मायक्रो स्प्लाइन की एक्सडी. नवी कॅसेट घेताना सगळा गोंधळ इथेच होतो.

साइज उंचीवरून नव्हे, रीचवरून (क्रँकच्या मध्यापासून फ्रेमच्या पुढच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर) पाहा. दोन कंपन्यांचे ‘एम’ सारखे नसतात. साधारण १६५ सेंमी उंचीला ४२० ते ४४० मिमी, १७५ सेंमीला ४५० ते ४७० मिमी रीच बसते. पायाची आतली लांबी स्वतः मोजा: अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, जाड पुस्तक मांड्यांमध्ये खोगिरासारखे वर दाबा, पुस्तकाच्या वरच्या कडेला खूण करा आणि जमिनीपासून मोजा. ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये पँटचे माप टाकले की हमखास एक साइज लहान निघते, कारण शिवणीचे माप आणि हे माप यांत काही सेंटिमीटरचा फरक असतो.

तपासा: फ्रेमवर वापराची श्रेणी लिहिलेली असते. श्रेणी ३ म्हणजे खडबडीत वाटा आणि साधारण ६० सेंमीपर्यंतच्या उड्या. त्याहून जास्त करायचे असेल तर श्रेणी ४ ची फ्रेम घ्या. फोर्क बदलून फ्रेमची श्रेणी बदलत नाही.

## ३. खरेदी

जर्मनीत दोन वाटा आहेत. कोब्लेन्झची कॅनियन किंवा बॉनची राडॉन यांच्यासारख्या कंपन्या मुख्यतः ऑनलाइन विकतात. त्याच किमतीत भाग वरच्या दर्जाचे मिळतात, पण जोडणी तुमच्या अंगावर येते. वाल्डेर्सहोफच्या क्यूबसारख्या कंपन्या दुकानांतून विकतात. तिथे बसून पाहता येते आणि पहिली सर्व्हिस बहुधा किमतीत धरलेली असते. हत्यारे हाताळायची सवय नसेल तर पहिली सायकल दुकानातून घ्या. हंगाम संपला की, म्हणजे ऑक्टोबरपासून, जुन्या वर्षाची मॉडेल उतरतात. साइज मात्र तेव्हा उरतील त्याच. सवलत मोठी दिसली म्हणून ‘एल’ बसवून घेऊ नका.

ऑनलाइन खरेदीला १४ दिवसांत कारण न देता परत करण्याचा हक्क आहे. दुकानात पाहाल तेवढेच पाहायची मुभा त्यात गृहीत आहे. सोसायटीच्या आवारात डांबरी रस्त्यावर दोन फेऱ्या मारून साइज ठरवा. चिखलात घातली, पेडलने क्रँकवर ओरखडे पाडले, की परताव्यातून रक्कम कापली जाऊ शकते. कॅनियनसारखे विक्रेते खोक्याचे वेगळे पैसे घेतात. ते वाया जात नाहीत, विमानाच्या वेळी तेच खोके उपयोगी पडते.

विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी दोन वर्षांची. १ जानेवारी २०२२ पासूनच्या खरेदीत पहिल्या १२ महिन्यांत दोष दिसला तर तो मुळातच होता असे धरले जाते आणि तसे नव्हते हे विक्रेत्याने सिद्ध करायचे असते. दुसऱ्या वर्षी ती जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणून अकराव्या महिन्यात सायकल धुऊन फ्रेमचे जोड, हब आणि फोर्क नीट पाहा आणि काही असेल तर तेव्हाच लेखी कळवा.

## ४. खोके उघडून पहिली जोडणी

हत्यारे: ४, ५, ६ आणि ८ मिमी ॲलन की, टॉर्क्स टी२५, २ ते २० न्यूटन-मीटरचा टॉर्क रेंच, शॉक पंप, ग्रीस. टॉर्क रेंच सायकलच्या पहिल्या बिलातच धरा. पुढचे आकडे अंदाजाने हाताला येत नाहीत.

१. ब्रेक कॅलिपरमधले (चकतीला दोन्हीकडून दाबणाऱ्या भागातले) प्लास्टिकचे तुकडे चाक बसवायच्या क्षणापर्यंत काढू नका. काढल्यावर फेकूही नका.

२. हँडलबार बसवताना स्टेमच्या (हँडलबार धरणाऱ्या तुकड्याच्या) चारही स्क्रूंभोवतीची फट सारखी ठेवा आणि तिरपे-तिरपे आवळत ५ ते ६ न्यूटन-मीटरवर आणा. काही स्टेमना वरची फट पूर्ण मिटवायची असते. तसे असेल तर स्टेमवर लिहिलेले असते.

३. थ्रू-ॲक्सलच्या आट्यांना थोडे ग्रीस लावा. आवळण्याचा आकडा ॲक्सलवर छापलेला असतो, बहुधा १० ते १५. रोटर (ब्रेकची चकती) आणि पॅडपासून ग्रीसचा हात दूर ठेवा.

४. पेडलना ग्रीस लावून ३५ ते ४० न्यूटन-मीटर. यासाठी मोठा रेंच किंवा लांब पाना लागतो. डाव्या पेडलला उलटे आटे असतात. पहिले तीन फेरे बोटांनी फिरले पाहिजेत. जोर लागतोय म्हणजे आटे तिरके बसताहेत.

५. फोर्कमध्ये हवा भरा. चालवताना घालता ते सगळे अंगावर आणि पाठीवर घेऊन सॅग, म्हणजे नुसत्या वजनाने फोर्क किती दबतो ते मोजा. १२० मिमीच्या फोर्कला १८ ते २४ मिमी हवा. छापील तक्त्यातला दाब ही फक्त सुरुवात.

६. ब्रेक बसवून घ्या: मोकळ्या रस्त्यावर २५ किमी वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत, पूर्ण न थांबता, प्रत्येक ब्रेकला वीसेक वेळा.

सावध: जर्मनीत डावा हात पुढचा ब्रेक धरतो, उजवा मागचा. मोटरसायकलवर उजव्या हाताला पुढचा असतो. भारतात गाडी चालवून तयार झालेला हात घाबरल्यावर नेमके उलटे करतो. ब्रेकच्या नळ्यांची अदलाबदल करून घ्यायची की हाताची सवय बदलायची, हे पहिल्या उताराच्या आधी ठरवा. ब्रेकची नळी फ्रेमच्या आतून जात असेल तर अदलाबदल दुकानातच करून घ्या, कारण त्यात तेल पुन्हा भरावे लागते.

रस्त्यावर चालवायला घंटी, रिफ्लेक्टर आणि अंधारात दिवे लागतात. काढता येणारे दिवे दिवसा नसले तरी चालतात, पण जे लावाल त्यांवर ‘के’ अक्षर, नागमोडी रेघ आणि क्रमांक ही जर्मन मान्यतेची खूण हवी. एमटीबी हे सारे नसतानाच विकली जाते. विक्रेता ‘खेळाचे साधन’ असे बिलावर लिहून मोकळा होतो, दंड मात्र तुम्हाला बसतो.

## ५. सुधारणा: पैसे या क्रमाने घालवा

टायर आणि ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला टायर, छोटी भोके बुजवणाऱ्या सीलंट द्रवासह). सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. भारतात आणायची असेल तर बाभळीच्या काट्यांसाठीही हेच हवे. रिमवर आधी ‘ट्यूबलेस रेडी’ लिहिलेले आहे का पाहा. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २ ते ४ मिमी रुंद घ्या. रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवा, व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून टेप ताणून सुरुवात करा आणि शेवटी १० सेंमी एकावर एक येऊ द्या. व्हॉल्व्हचे भोक कापू नका, टोकदार सुईने पाडा. कापलेली कड पुढे फाटत जाते. २९ × २.४ च्या टायरला १०० ते १२० मिली सीलंट. ७५ किलो वजनाला पुढे १.५ आणि मागे १.७ बार इथून सुरुवात करा.

टायर बसत नाही म्हणून दाब वाढवत जाणे ही नेहमीची चूक. टायर आणि रिमवरचे जास्तीत जास्त दाबाचे आकडे वाचा, त्यांतला लहान पाळा. टायरच्या कडेला साबणाचे पाणी लावा आणि व्हॉल्व्हचा गाभा काढून हवा मारा. बहुतेक टायर तेवढ्यानेच कडाकडा वाजत बसतात.

ब्रेक पॅड आणि रोटर. मूळ ब्रेक शिमानोचे साधे दोन पिस्टनवाले असतील तर ते टाकून देण्याआधी रोटर बघा. त्यावर बारीक अक्षरात फक्त रेझिन पॅडसाठी असे कोरलेले असते. त्यावर मेटल पॅड घातले की रोटरच झिजतो. म्हणून आधी रोटर, मग पॅड. पुढे १८० किंवा २०३ मिमी घेताना फोर्कची कमाल मर्यादा पाहा आणि ॲडॅप्टर बरोबर मागवा. शिमानोला मिनरल ऑइल. स्रॅमच्या बहुतेक ब्रेकना डॉट तेल, पण त्यांच्या काही नव्या ब्रेकना मिनरल. टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. चुकीचे तेल पडले की आतली सीले फुगतात आणि ब्रेक कामातून जातो.

ड्रॉपर पोस्ट (हँडलवरच्या कळीने खाली-वर होणारा सीटचा दांडा). आधी जुना सीटपोस्ट बाहेर काढून त्यावर छापलेले माप वाचा: २७.२, ३०.९, ३१.६ की ३४.९. पट्टीने मोजून ३०.९ आणि ३१.६ मधला फरक कळत नाही, आणि सर्वांत जास्त पार्सले याच ०.७ मिमीसाठी परत जातात. नंतर पोस्ट फ्रेममध्ये किती खोल जातो ते मोजा. बाटलीच्या स्क्रूंपाशी किंवा नळीच्या बाकाला अडला तर १७० मिमीचा ड्रॉपर निम्मा बाहेरच राहील.

फोर्क शेवटी, आणि खरे तर बहुतेकांनी नाहीच. चांगला फोर्क हार्डटेलच्या निम्म्या किमतीचा असतो. तेवढेच पैसे आधीच घालून वरचे मॉडेल घेतलेले स्वस्त पडते. घेतलाच तर मूळ ट्रॅव्हलपेक्षा १० मिमीहून जास्त वाढवू नका आणि जुन्या फोर्कची स्टीअरर ट्यूब (फ्रेममधून वर स्टेमपर्यंत जाणारी नळी) मोजल्याशिवाय नवी कापू नका.

तपासा: काढलेला प्रत्येक चांगला मूळ भाग पिशवीत नाव टाकून ठेवा. सायकल विकायची वेळ आली तर मूळ भाग लावून विका, सुधारलेले वेगळे विका. सुधारणांची पूर्ण किंमत एकत्रित कोणी देत नाही.

## ६. जर्मनीतल्या जर्मनीत

प्रादेशिक गाड्यांत बहुतेक ठिकाणी सायकलचे वेगळे तिकीट लागते, जागेची हमी नसते. आयसी आणि सायकल घेणाऱ्या आयसीई या लांब पल्ल्याच्या गाड्यांत तिकिटाबरोबर जागेचे आरक्षणही लागते, आणि उन्हाळ्यात ते लवकर संपते. म्युनिकच्या एस-बान या लोकल गाड्यांमध्ये सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ६ सायकल नेता येत नाही. टांगायच्या हुकात २.४ इंची टायर अडतो. अशा वेळी थोडी हवा कमी करा, ढकलाढकली करून आरे वाकवू नका.

## ७. विमानासाठी बांधणी

तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला सायकलची नोंद, खोक्याचे माप आणि वजन कळवा आणि लेखी होकार घ्या. दोन कंपन्यांची जोडतिकिटे असतील तर दोघींचाही. खोके साधारण १४० × ८० × २५ सेंमीचे होते. ३२ किलोच्या वर एकच नग कोणी घेत नाही, आणि पुष्कळ भाड्यांत २३ किलोचीच मुभा असते. साडेचौदा किलोची सायकल, साडेचार किलोचे खोके, दोन किलो फोम आणि पॅकिंग: २१ होतात. उरलेल्या जागेत हेल्मेट आणि कपडे मावतात, ओझे नको.

इ-एमटीबीचा विचार असेल तर आत्ताच सोडा. १६० वॉट-तासांच्या वरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही आणि इ-एमटीबीची साधारण ५०० च्या पुढेच असते. बॅटरीशिवाय आणलेली सायकल भारतात नुसता वजनदार सांगाडा.

क्रम असा:

१. सायकल कोरडी, चेन पुसलेली. मातीचा कण राहू देऊ नका. हँडल, केबलींची वळणे, डिरेल्युअर यांचे फोटो काढा.

२. सीटपोस्टवर फ्रेमच्या कडेशी टेप लावून उंचीची खूण करा. ड्रॉपर असेल तर पोस्ट वर ओढताना दुसऱ्या हाताने हँडलकडून केबल आत ढकलत जा. नुसता ओढला तर केबल आत दुमडते आणि भारतात पोचल्यावर ड्रॉपर वर-खाली होत नाही.

३. पेडल काढा. दोन्ही पेडल मागच्या बाजूला फिरवल्यावर सुटतात.

४. टायरमध्ये १ बारभर हवा ठेवा. ट्यूबलेसची सगळी काढली तर टायर रिमवरून सुटतो आणि सीलंट खोक्यात सांडते. फोर्कची हवा तशीच राहू द्या.

५. चाके काढा आणि लगेच, दुसरे काहीही करण्याआधी, कॅलिपरमध्ये ते प्लास्टिकचे तुकडे सरकवा. हरवले असतील तर २ मिमी जाडीच्या पुठ्ठ्याची घडी चालते. वर लिव्हर आणि हँडल यांच्यामध्ये रबराचा तुकडा अडकवा, म्हणजे लिव्हर सहज दाबला जाणार नाही. खोके आडवे पडते, त्यावर दुसऱ्या बॅगा येतात, लिव्हर दाबला जातो आणि आत रोटर नसेल तर पिस्टन बाहेर येऊन एकमेकांना भिडतात. मग चाक आत शिरत नाही.

६. रोटर चाकावरून सोडा. सहा स्क्रूंचे असतील तर टी२५ लागते. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत घालून खोक्याच्या मध्यभागी ठेवा. वाकलेला रोटर सरळ करण्यात अर्धा दिवस जातो.

७. डिरेल्युअर हँगरवरून सोडा, चेनसकट बबल रॅपमध्ये गुंडाळा आणि चेनस्टेच्या (फ्रेमच्या मागच्या खालच्या नळीच्या) आत झिपटायने बांधा. ‘कमी गिअरवर टाकला की पुरे’ असे सांगितले जाते. पुरत नाही. हँगर हाच सगळ्यांत आधी वाकणारा भाग आहे.

८. फोर्क आणि मागच्या ड्रॉपआउटमध्ये (चाक बसते त्या खाचांमध्ये) प्लास्टिकचे आधार घाला आणि थ्रू-ॲक्सल परत लावा. सायकल दुकानांत हे आधार नव्या सायकलींतून निघतात, मागितले की फुकट देतात.

९. फ्रेमच्या नळ्यांवर हार्डवेअर दुकानातले पाण्याच्या पाइपचे फोम आवरण चढवा. २ मीटरचे दोन-तीन तुकडे लागतात.

१०. हँडलबार स्टेममधून सोडून वरच्या नळीला समांतर बांधा, केबल ताणली जाणार नाही असे.

११. छोटे स्क्रू, पेडल एकाच पिशवीत घालून ती फ्रेमला बांधा. खोक्यात सुटी पिशवी ठेवू नका. कस्टम्सवाल्यांनी खोके उचलायच्या भोकातून हात घालून चाचपले तरी ती पडत नाही.

१२. चाके दोन्ही बाजूंना, हबची टोके उघडी नव्हे तर पुठ्ठ्याच्या चकतीमागे. हलवून पाहा. खडखडले तर पुन्हा उघडा.

सावध: सीओटू काडतुसे टाकू नका. काही कंपन्या मुभा देतात, पण सुरक्षा तपासणीत पिशवी उघडली जाऊन खोके पुन्हा बांधायची पाळी येते. छोटा पंप पुरे. चेन ल्यूब आणि सीलंटच्या बाटल्या उरलेल्या असतील तर इथेच कुणाला द्या.

विमानतळावर चेक-इनला टॅग लागल्यावर खोके ‘श्पेरगेपेक’ म्हणजे अवजड सामानाच्या खिडकीवर न्यायचे असते. त्यासाठी अर्धा तास वाढवून धरा. भारतात उतरल्यावरही ते बहुधा नेहमीच्या पट्ट्यावर येत नाही. अवजड सामानाची जागा विचारा.

## ८. कस्टम्स

मूळ बिल छापून हातात ठेवा, फोनवर अवलंबून राहू नका. भारतात सायकल बॅगेज नियमांखाली येते. करमाफीची मर्यादा आणि दर बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात सीबीआयसीच्या (भारताच्या अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाच्या) संकेतस्थळावर चालू नियम वाचा. किंमत मर्यादेच्या वर असेल तर लाल मार्गाने जाऊन स्वतः सांगा. कायमचे परतणाऱ्यांना परदेशातल्या मुक्कामाच्या लांबीनुसार वेगळी सवलत मिळू शकते. त्यासाठी पासपोर्टचे शिक्के आणि वास्तव्याची कागदे जवळ हवीत. बिलात सुधारणांचे भाग वेगळे असतील तर तीही बिले जोडा. अंदाजे सांगितलेली किंमत सहसा वादालाच निमंत्रण देते.

सुट्टीपुरती आणून परत नेणार असाल तरी बिल न्या. युरोपीय संघात विमानाने येताना बाहेरून आणलेल्या वस्तूंना ४३० युरोपर्यंतच मोकळीक आहे. सायकल मुळात जर्मनीतच घेतली होती हे दाखवायला फ्रेम नंबर असलेले बिल लागते.

## ९. पोचल्यावर

खोके उघडताच फ्रेम, फोर्कचे पाय आणि चाके पाहा. नुकसान असेल तर विमानतळ सोडण्याआधी तक्रार नोंदवा, घरी गेल्यावर दाद लागणे कठीण. जोडणी चौथ्या टप्प्याच्या क्रमाने करा. ब्रेकचे तुकडे चाक बसवण्याच्या क्षणी काढा. पिस्टन बाहेर आले असतील तर रुंद प्लास्टिकच्या टायर लिव्हरने हळूहळू मागे ढकला, स्क्रू ड्रायव्हर घालू नका. लिव्हर मऊ लागला तर सायकल उभी ठेवून लिव्हर दहा-पंधरा वेळा दाबा, मगच तेल बदलायचा विचार करा.

गिअर उडत असतील तर केबलशी खेळण्याआधी हँगर सरळ आहे का ते दुकानात मापून घ्या. सीलंट उन्हाळ्यात लवकर सुकते. दर दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्हमधून काडी घालून ओल लागते का पाहा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर स्टेम, रोटर, क्रँक आणि पेडल यांचे स्क्रू टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.